खडपावरील स्पंजांची ओळख



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा निराळी असावी. ज्या माणसाचे आयुष्य कारखान्यांच्या दरवाजांवर आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीच्या बाकांवर गेले, तो किमान वेतनावर बोलेल, नाही तर १९४५ सालच्या वारल्यांच्या उठावावर बोलेल, असे त्यांनी धरले होते. आम्ही विषय कळविला तेव्हा एका चालकांनी विचारले, "स्पंज म्हणजे भांडी घासावयाचाच ना?" तो नव्हे. भांडी घासावयाचा पिवळा ठोकळा रसायनांपासून बनवितात; त्याने या प्राण्याचे नाव तेवढे उसने घेतले आहे. आज आम्ही बोलणार ते खडकाला सालीसारख्या चिकटून राहणाऱ्या समुद्रातील स्पंजांबद्दल, आणि तेही एवढ्याच मुद्द्यापुरते, की त्यांतला कोणता कोण हे ओळखावयाचे कसे.

उधाणाची ओहोटी लागली म्हणजे डहाणूपासून वाढवण-वरोरपर्यंत ठिकठिकाणी खडप उघडे पडते. माथ्यावर कालवे असतात, ती सर्वांच्या ओळखीची. पण एखादा दगड उलटा करून पाहा. त्याच्या पोटाशी शेंदरी, पिवळट, राखी किंवा जांभळट असा पापुद्रा चिकटलेला दिसेल. जाडी नखाएवढी, कधी बोटाएवढी. त्यावर बारीक बारीक भोके, आणि मधून मधून ज्वालामुखीच्या डोंगरासारखी वर आलेली मोठी तोंडे. आमच्याकडे बहुतेक लोक त्यास शेवाळ म्हणून सोडून देतात. तलासरी तालुक्याच्या वाट्याला झाईचा थोडका किनारा आला आहे. तेथील होड्या ओढून कलत्या केल्या म्हणजे बुडाला जे लगदे दिसतात, त्यांतही हे असू शकतात. दगड पाहून झाला की तो होता तसा पालथा ठेवावा, हे आताच सांगून ठेवतो. उताणा राहिलेला दगड दुपारच्या उन्हात तापला की त्याच्या पोटाचा सारा संसार मरतो.

हा पापुद्रा शेवाळ नव्हे, प्राणी आहे. मात्र असा प्राणी की ज्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. त्यामुळे शतकानुशतके विद्वान मंडळी त्याला वनस्पतीत घालीत राहिली तर नवल नव्हे. १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रांट नावाच्या डॉक्टराने जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यासह घड्याळाच्या काचेत ठेवला आणि भिंगाखाली पाहत बसला. मोठ्या तोंडातून पाण्याची धार सारखी बाहेर पडते आहे, आणि तिच्याबरोबर बारीक कण उडत आहेत, असे त्याला दिसले. बारीक छिद्रांतून पाणी आत, मोठ्या तोंडातून बाहेर. आतल्या पेशींना चाबकासारखे केस असतात, ते हलत राहतात आणि पाणी वाहत राहते. त्या पाण्यातले जंतू आणि कण हेच याचे अन्न. एक स्पंज दिवसाकाठी आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतो. ग्रांटच्या हाताखाली त्या वेळी एक तरुण विद्यार्थी खाडीवर भटकत असे. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

आता, युनियनचा माणूस या भानगडीत पडला कसा ते सांगतो, म्हणजे पुढचे सोपे होईल.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडील अठरा-वीस मजूर दूरच्या एका बंदरात एका ठेकेदाराकडे कामास गेले होते. काम बार्जांची बुडे खरवडण्याचे. उघड्या हातांनी आणि उघड्या पायांनी पंधरा दिवस खरवडले, तेव्हा निम्म्या लोकांचे हात कोपरापर्यंत सुजले, लाल झाले आणि रात्रभर खाजू लागले. ठेकेदाराचे म्हणणे असे की हे लोक अस्वच्छ राहतात, त्यांना खरूज झाली आहे. बुडाला काय होते म्हणाल तर शेवाळ. शेवाळाने कधी कोणाला खाज सुटली आहे काय? म्हणून हातमोजे नाहीत आणि आजारपणाची मजुरीही नाही.

वाद पगाराचा असता तर आम्ही बोलू शकलो असतो. येथे वाद एका नावाचा होता: बुडाला जे चिकटले होते ते काय? आम्ही त्या खरवडीचा डबाभर नमुना आणला आणि एका महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या बाईंकडे गेलो. त्या बाईंनी आम्हांस उत्तर दिले नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढे स्टूल ठेवले आणि म्हणाल्या, "दादा, बसा. तुम्हीच पाहा." त्या दिवशी जे शिकलो ते असे.

पहिली गोष्ट, रंगावर विसंबू नये. एकाच जातीचा स्पंज उजेडात हिरवा आणि सावलीत दुधी असू शकतो, कारण हिरवा रंग पुष्कळदा त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. स्पिरिटमध्ये घातला की रंग तर जातोच. आकारावरही फारसा भरवसा नाही. जेथे लाटांचा मार तेथे तोच प्राणी सपाट पसरतो आणि शांत पाण्यात बोटे काढून उभा राहतो. तरीही रंग, वास, स्पर्श, तोंडांची ठेवण, पृष्ठभाग गुळगुळीत की केसाळ, हे सर्व जागेवरच लिहून घ्यावयाचे असते. मागाहून आठवत नाही, आणि बाटलीतला तुकडा ते सांगत नाही. हल्ली खिशातल्या फोनने छायाचित्र निघते ही मोठी सोय आहे, पण फोनला वास येत नाही.

दुसरी गोष्ट, खरी ओळख आत असते. बहुतेक स्पंजांच्या अंगात काचेच्या सुया असतात. शास्त्रीय पुस्तकांत त्यांस कंटिका म्हणतात. काच हा शब्द अलंकार म्हणून वापरीत नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन हा प्राणी तिच्या सुया घडवितो. लांबी साधारण मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा. कोणाच्या सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, कोणाच्या एका टोकाला बोथट, कोणाच्या टाचणीसारख्या डोकेवाल्या. मोठ्या सुयांखेरीज काहींत अगदी बारीक नगही असतात, धनुष्यासारखे, नांगरासारखे, चांदणीसारखे. कोणता नग, किती लांब, शरीरात कसा रचलेला, यांवरून जात ठरते. सुतारकामाचा नमुना पाहून कारागीर ओळखावा तसे हे आहे.

या सुया वेगळ्या करण्याची रीत घरात करण्याजोगी आहे. नखाएवढा तुकडा काचेच्या लहान बाटलीत घालून वर कपडे पांढरे करण्याचे ब्लीच ओतावे आणि काही तास ठेवावे. मांस विरघळते, तळाशी पांढरी भुकटी राहते. ती निवळू द्यावी, वरचे पाणी हलके ओतून टाकावे, पुन्हा स्वच्छ पाणी घालावे. असे चार-पाच वेळा. मग एक थेंब काचपट्टीवर. एक ताकीद मात्र आहे. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा शिरका कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. शिरक्याची परीक्षा निराळ्या तुकड्यावर, निराळ्या वाटीत करावी. शिरक्यात टाकलेला तुकडा फसफसला तर सुया चुन्याच्या आहेत. काचेच्या सुयांना शिरक्याचे काहीच होत नाही.

आमच्या डब्यातल्या लगद्यात पुष्कळ गोष्टी निघाल्या. खडकाला चिकटणारी शिंपीसारखी कवचे होती, ती शिरक्यात फसफसली. गवताच्या झुपक्यासारखे हायड्रॉइड होते. हे जेलीफिशचे भाऊबंद, आणि डंख मारणारे. शेंदरी पापुद्र्याच्या भुकटीत मात्र सुयाच सुया. ठेकेदाराच्या बाजूने एक शिकलेले गृहस्थ आले होते. ते म्हणाले, डायाटम नावाच्या सूक्ष्म शेवाळालाही काचेचे कवच असते, तेव्हा काच सापडल्याने काय सिद्ध झाले? आक्षेप फालतू नव्हता, हे कबूल केले पाहिजे. पण बाईंनी त्यांना नळी फिरवून दाखविले. डायाटम हे नक्षीदार डबीसारखे असतात. स्पंजाच्या सुईच्या मधोमध पेन्सिलीतल्या शिशासारखी एक बारीक पोकळ रेघ टोकापासून टोकापर्यंत जाते. त्या रेघेभोवतीच सुई घडते. गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले, मग चष्मा पुसून म्हणाले, "सुया आहेत खऱ्या."

सूज नेमकी सुयांनी आली की हायड्रॉइडांच्या डंखाने, याचा निवाडा कोणी केला नाही. डॉक्टरांनी इतकेच लिहून दिले की या दोन्ही प्राण्यांनी कातडी अशी होऊ शकते, आणि ही खरूज नव्हे. तेवढे पुरले. हातमोजे आणि बूट मिळाले. आजारपणाची मजुरी पाच जणांना मिळाली, बाकीच्यांना नाही. ते प्रकरण तेथेच थांबले, पण आमचे पाहणे थांबले नाही.

पुढे पुस्तके धुंडाळू लागलो तेव्हा एक अडचण उभी राहिली. खडपावरच्या पापुद्र्यासारख्या स्पंजांवर जी सचित्र, नवशिक्यांच्या उपयोगाची पुस्तके आहेत ती मुख्यतः थंड समुद्रांची: ब्रिटनच्या किनाऱ्याची आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. तेथे उन्हाचा ताप कमी, म्हणून ओहोटीच्या उघड्या खडकावर सुद्धा या प्राण्यांच्या चादरी पसरलेल्या असतात. आपल्या वैशाखात ते दगडाच्या पोटाशी आणि कपारीत लपतात. शिवाय आपले पाणी गढूळ. तेव्हा त्या पुस्तकातले रंगीत चित्र पाहून आपल्या खडपावर नाव चिकटविणे हा शुद्ध आळस होय. त्या पुस्तकांतून नावे घ्यावयाची नाहीत, पद्धत घ्यावयाची.

पद्धत किती कस लावते याचे तिकडचेच उदाहरण पाहा. ब्रिटनच्या किनाऱ्यावर हॅलिकाँड्रिया पॅनिसिया नावाचा एक अति सामान्य स्पंज आहे. हाताने चुरला तर पावाच्या चुऱ्यासारखा होतो, म्हणून त्याचे लोकनाम पावचुरा स्पंज. १७६६ साली पालास याने त्याला नाव दिले. सुया एकाच तऱ्हेच्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. तेथे शेजारीच आणखी एक जवळजवळ तसाच स्पंज वाढतो, आणि दोघांच्या सुयाही सारख्याच. हा निराळा आहे असे ब्रिटिश म्युझियमच्या मॉरिस बर्टन यांनी १९३० साली नाव देऊन मांडले. म्हणजे ज्या देशात गल्लोगल्ली निसर्गमंडळे, त्या देशात सर्वांत सामान्य स्पंजाचे दोन आहेत हे छापून येण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. हायमेनिॲसिडॉन नावाचा शेंदरी स्पंज त्यांच्या बाजूलाच असतो. घाईने पाहणारा तिघांना एक म्हणेल. पण याची सुई एका टोकाला बोथट असते, आणि काचपट्टीवर पाहिले की दोन मिनिटांत निकाल लागतो. याच स्पंजाची गंमत उलटीही आहे. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर निराळ्या नावाने नोंदलेला एक स्पंज हाच, असे अलीकडच्या अभ्यासकांनी ठरविले आहे.

त्या काळचा ब्रिटिश स्पंजांवरचा मोठा ग्रंथ १८६४ पासून खंडशः निघाला. तो लिहिणारे बाउअरबँक हे पेशाने प्राध्यापक नव्हते. लंडनमध्ये त्यांच्या घरची मद्याची भट्टी होती, आणि ती चालवून उरलेल्या वेळात त्यांनी हा अभ्यास केला. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला असली माहिती वाचून धीर येतो.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा माणूस मुंबईचा. मुंबईचा म्हणजे येथे नोकरीस आलेला. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य १८४२ साली मुंबईस आले. बेटावर तेव्हा गोड्या पाण्याचे पुष्कळ तलाव होते. त्या तलावांतल्या दगडांवर, काठ्यांवर आणि गवताच्या काड्यांवर जे स्पंज वाढत, त्यांचे वर्णन कार्टर यांनी १८४९ साली प्रसिद्ध केले आणि नव्या जातींना नावे दिली. उन्हाळ्यात तलाव आटला की हा स्पंज मरतो, परंतु मोहरीहून बारीक बियांसारखे गोळे मागे ठेवतो. पावसाचे पाणी आले की त्यांतून पुन्हा स्पंज उगवतो. मुंबईच्या एका जातीला बाउअरबँक यांनी १८६३ साली कार्टर यांचेच नाव दिले, आणि ते नाव आजही चालू आहे. तलावांपैकी बरेचसे पुढे मलेरियाच्या भीतीने बुजविले गेले. तलाव नाही, पण तलावात काय होते ते लिहिलेले आहे. कार्टर १८६२ साली इंग्लंडास परत गेले ते डेव्हन परगण्यातील आपल्या जन्मगावी, थंड समुद्राच्या काठी, आणि तेथे बसून जगभरचे स्पंज ओळखीत राहिले. सुया पाहण्याचा हात मात्र त्यांनी बसविला तो मुंबईच्या तलावांवर.

आपल्या किनाऱ्याच्या उत्तरेस, ओखामंडळात, बडोदे संस्थानाच्या सरकारने १९०५-०६ साली जेम्स हॉर्नेल यांच्याकडून समुद्रातील प्राण्यांची पाहणी करविली. सयाजीराव महाराजांची ती कारकीर्द. त्यांत जमविलेल्या स्पंजांचा अहवाल लंडनच्या आर्थर डेंडी यांनी लिहिला, तो १९१६ साली छापला गेला. आजही ओख्याचा स्पंज ओळखणाऱ्यास तो उघडावा लागतो. एका मराठी राजाने शंभरावर वर्षांपूर्वी जे आपल्या मुलुखासाठी केले, ते डहाणूच्या खडपासाठी कोणी त्या तोलाने केलेले आमच्या वाचनात नाही.

कोणी विचारील, एवढे नाव कळून उपयोग काय? उपयोगाची उदाहरणे देता येतील. रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे सायटॅराबीन हे औषध कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात १९५० च्या सुमारास सापडलेल्या द्रव्यांच्या धर्तीवर बनले. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ साली हॅलिकाँड्रियाच्याच एका जातीतून जे द्रव्य काढले, त्यावरून स्तनाच्या कर्करोगावरचे एरिब्युलिन निघाले. शेजारचा, दिसावयास तसाच स्पंज घेतला असता तर ते द्रव्य मिळालेच असते असे नाही. कालवे काढणाऱ्या आमच्या बायांना दुसरा उपयोग ठाऊक आहे, फक्त त्याचे नाव ठाऊक नाही. चाळणीसारखी भोके पडलेली, हातात भुगा होणारी कालवाची शिंपी त्यांनी शेकडो वेळा फेकून दिली आहे. ती भोके पाडणाऱ्यांत क्लायोना हा स्पंज येतो. शिंपीचा चुना पोखरून तो आत घर करतो.

आणि आम्हांस स्वतःला जे सर्वांत आवडले त्याचा उपयोग काहीच नाही. विल्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ साली एका लाल स्पंजाचे तुकडे रेशमी कापडातून पिळून काढले. पेशी सुट्या सुट्या होऊन पाण्यात पडल्या. काही वेळाने त्या सरकू लागल्या, एकमेकींस चिकटल्या, आणि त्यांचा पुन्हा स्पंज झाला. आमची माणसे एका टाळेबंदीत पांगली की पुन्हा गोळा करावयास दहा वर्षे लागतात, म्हणून हा प्रयोग आम्ही अंमळ हेव्यानेच वाचला.

आता वाढवणचे. तेथील बंदर हा आजचा विषय नव्हे, आणि आमचे मत येथे बसलेल्या बहुतेकांस ठाऊक आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने, न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या पश्चात, ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. योजनेत समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव आहे. भराव, गाळ आणि बदललेले प्रवाह यांचा परिणाम खडपावर किती होईल यावर दोन्ही बाजूंचे लोक भांडत आहेत आणि भांडतील. आमचे म्हणणे त्या भांडणाच्या अलीकडचे आहे. दहा वर्षांनी कोणी म्हणाले, येथील स्पंज गेले, तर दुसरा म्हणेल, कोणते स्पंज? आणि यादीत नुसता 'स्पंज' एवढाच शब्द असेल तर पहिल्याला गप्प बसावे लागेल, कारण चिवट अशा एकदोन जाती गाळातही तग धरतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सांगता येईल की स्पंज तर आहेत. बार्जांच्या मजुरांना जे ऐकावे लागले तेच खडपाला ऐकावे लागेल.

म्हणून काम करावयाचे ते या चार-सहा महिन्यांत, बिनचूक आणि थोडके. कायद्याचे भान ठेवून. चुन्याच्या सुयांचे स्पंज २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आले आहेत. आणि एखादा स्पंज चुन्याचा की काचेचा, हे तर तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही! ही अडचण कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली होती की नाही, देव जाणे. तेव्हा शाळा-महाविद्यालयामार्फत वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, आणि तोवर नुसती छायाचित्रे, मोजमापे, जागेची नोंद एवढेच करावे. तेही कमी नाही. एकच दगड, एकच कपार, दर महिन्याला त्याच जागेवरून पाहिली तर वर्षभरात कोणता पापुद्रा वाढला, कोणता पावसाळ्याच्या गाळाने गेला, हे कळते. खाजणापलीकडे ज्यांचे जाणे नाही अशा तलासरीकरांनी निराश होऊ नये. आता कुर्झे धरणाचे आणि गावतळ्यांचे पाणी खाली जात आहे; उघड्या पडलेल्या काठ्या आणि दगड उलटून पाहावेत, आणि त्यांवर कोरडी, खरखरीत साल व तिच्यात बारीक गोळे दिसले तर आम्हांस कळवावे. कार्टरचे भाऊबंद ते हेच असतील.

येत्या अमावस्येनंतर दोन दिवस सकाळी सात-साडेसातच्या सुमारास चांगली सुकती आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सहा वाजता डहाणूच्या किनाऱ्यावर जमावे. पायांत जुने बूट हवेत, चपला नकोत; कालवांच्या धारेने तळवा फाटतो. सोबत मोजपट्टी, शिसपेन्सिल आणि जाड कागदाची वही आणावी. शाईचे पेन आणू नये, पाण्याने अक्षर जाते. सूक्ष्मदर्शक आमच्याकडे एक आहे, युनियनच्या कचेरीत, रविवारी दुपारी कोणालाही मोकळा.